लॅपटॉपची झोप आणि जाग

एखाद्या घरी २०१२ किंवा २०१३ साली घेतलेला लॅपटॉप असतो. प्रथम तो थोरल्या भावाने महाविद्यालयात वापरलेला असतो. पुढे भाऊ नोकरीस लागतो, नवा लॅपटॉप घेतो आणि जुना धाकट्या बहिणीच्या वाट्यास येतो. पूर्वी रात्रभर मिटून ठेवलेल्या त्या लॅपटॉपचे झाकण सकाळी उघडले, की पाचसात सेकंदांत पडदा उजळत असे आणि आदल्या दिवशी अर्धवट सोडलेला निबंध त्याच ओळीवर समोर उभा राही. आता मात्र बराच वेळ वाट पाहावी लागते. आणि कधी कधी तर निबंध नाहीसाच झालेला असतो. घरातील वडील माणसे म्हणतात, "जुना झाला बिचारा, चालायचेच!"

हे निदान सोयीचे खरे; परंतु ते बहुधा चुकीचे असते. लॅपटॉप म्हणजे काही बैल नव्हे, की वयाबरोबर त्याच्या अंगातील बळ ओसरावे. पहिल्या दिवशी त्याचा प्रोसेसर ज्या वेगाने आकडेमोड करीत होता, साधारण त्याच वेगाने तो आजही करीत असतो. अशा लॅपटॉपमध्ये घाईघाईने जागे होण्याची एक खास योजना केलेली असते, आणि ती योजना कोणाच्या तरी हातून नकळत मोडलेली असते. ती कोठे मोडली हे शोधावयाचे, तर ती मुळात कशी चालते हे आधी समजून घेतले पाहिजे.

संगणकातील माहिती साठविण्याचे जुने साधन म्हणजे हार्ड डिस्क. १९५६ साली आयबीएम कंपनीने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. सारे यंत्र एका मोठ्या कपाटाएवढे होते, आणि एवढ्या पसाऱ्यात अवघी ५० लाख अक्षरे मावत. आज लॅपटॉपमधील हार्ड डिस्क तळहातावर मावते व तिच्यात त्याच्या लाखपट माहिती बसते. परंतु तिची रीत अजून तीच आहे. तबकडी फिरते, एक बारीक दांडी तिच्यावर पुढेमागे सरकते आणि दांडीच्या टोकाचे वाचकाग्र हवी ती नोंद उचलते. लॅपटॉपमधील बहुतेक तबकड्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. मग एका फेऱ्यास ११ मिलिसेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. हवी असलेली नोंद वाचकाग्राखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जावे लागतात. दांडी सरकण्याचा वेळ निराळाच. माणसाच्या दृष्टीने हा क्षण नगण्य आहे. परंतु लॅपटॉप सुरू होताना त्याला निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान लहान नोंदी वाचाव्या लागतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसा हा वेळ साचत जातो.

दुसरे साधन म्हणजे सॉलिड-स्टेट ड्राइव्ह. हिच्यात फिरणारे काहीच नाही. चोहोबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेल्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवावयाचे आणि कोणता कप्पा भरलेला आहे व कोणता रिता आहे यावरून माहिती वाचावयाची, अशी तिची रीत आहे. कोंडलेले इलेक्ट्रॉन वीज बंद झाली तरी जागचे हलत नाहीत. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली ही 'फ्लॅश' स्मृती शास्त्रज्ञांपुढे मांडली. तिच्यातून एखादी लहानशी नोंद वाचण्यास एका मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुरतो.

मग सर्वच लॅपटॉपांत सॉलिड-स्टेट ड्राइव्ह का बसविली नाही, असे कोणीही विचारील. कारण साधे होते, ते म्हणजे पैसा. २०११ साली इंटेल कंपनीने पातळ, हलक्या व लवकर जाग्या होणाऱ्या लॅपटॉपांची 'अल्ट्राबुक' ही कल्पना पुढे आणली, तेव्हा मोठी सॉलिड-स्टेट ड्राइव्ह फार महाग पडत असे. यास्तव कित्येक कारखानदारांनी तडजोड केली. त्यांनी लॅपटॉपमध्ये ५०० गिगाबाइटची स्वस्त हार्ड डिस्क घातली आणि तिच्या जोडीला २४ किंवा ३२ गिगाबाइटची चिमुकली सॉलिड-स्टेट ड्राइव्ह बसविली. ह्या चिमुकल्या ड्राइव्हकडे दोन कामे सोपविली: एक, वारंवार लागणाऱ्या गोष्टी हाताशी ठेवणे, आणि दुसरे, लॅपटॉप झोपी जाताना त्याची आठवण जपणे.

पहिले काम कळण्यासाठी स्वयंपाकघराकडे पाहावे. घरात वर्षाचे तिखट, हळद, मोहरी कोठीच्या खोलीत बरण्यांतून भरून ठेवलेले असते. परंतु फोडणी देताना आई दर वेळी कोठीत जात नाही. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. त्याच्या वाट्यांत रोज लागणारे जिन्नस थोडे थोडे काढलेले असतात. कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क, आणि मिसळणाचा डबा म्हणजे ती चिमुकली ड्राइव्ह. जे वारंवार लागते त्याची एक प्रत जवळच्या व वेगवान जागी ठेवावयाची, ह्या रीतीला संगणकशास्त्रात 'कॅश' म्हणतात. ह्या शब्दाचा रोकडीशी संबंध नाही. 'लपविणे' ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो आलेला आहे. कल्पनाही नवी नव्हे. केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स यांनी ती १९६५ साली एका निबंधात मांडली होती.

इंटेलने २०११ साली ह्या कामासाठी 'स्मार्ट रिस्पॉन्स' नावाची योजना काढली. ही योजना वापरणाऱ्याच्या सवयी पाहते. कोणत्या नोंदी पुन्हा पुन्हा मागितल्या जातात हे ध्यानात ठेवून त्यांची प्रत ती ड्राइव्हमध्ये काढून ठेवते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. डबा नुकताच घासूनपुसून ठेवला असेल, तर पहिल्या दिवशी तो रिकामा असणारच. कॅश नव्याने सुरू केल्यावर पहिल्या वेळी लॅपटॉप पूर्वीसारखाच हळू चालतो. तीच कामे पुन्हा केली म्हणजे त्याचा वेग वाढू लागतो. पहिल्याच खेपेस "काही उपयोग झाला नाही" असे म्हणून योजना बंद करणारे लोक पुष्कळ असतात. त्यांनी थोडा धीर धरावयास हवा होता.

वाचण्याचे झाले, लिहिण्याचे काय? येथे खरा धोका आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. दुकानदाराकडे दोन वह्या असतात. गिऱ्हाइकांची गर्दी असली, की तो उधारी झटपट कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री दुकान बंद केल्यावर ती सावकाश खतावणीत चढवितो. ह्यात काम भराभर होते. परंतु दुपारीच कच्ची वही हरवली तर? त्या दिवसाची उधारी बुडाली. कारण खतावणीत ती अजून चढलेलीच नसते. दुसरा दुकानदार सावध असतो. तो प्रत्येक नोंद लगेच दोन्ही वह्यांत करतो. त्याचे काम थोडे हळू चालते. परंतु कच्ची वही उंदरांनी खाल्ली तरी त्याचे काही बिघडत नाही. स्मार्ट रिस्पॉन्समध्ये ह्या दोन्ही रीती आहेत. 'एन्हान्स्ड' ही सावध दुकानदाराची रीत आहे आणि 'मॅक्सिमाइज्ड' ही घाईच्या दुकानदाराची. ज्या लॅपटॉपमध्ये दुसरी रीत चालू असते, त्यातील चिमुकली ड्राइव्ह "आता ही जुनी झाली" म्हणून एकदम उपटून काढली, तर अजून हार्ड डिस्कवर न चढलेले लेखन तिच्याबरोबर जाते आणि हार्ड डिस्कवरील मांडणीही विस्कटू शकते. ड्राइव्ह काढण्यापूर्वी योजना रीतसर बंद केली पाहिजे. म्हणजे राहिलेल्या नोंदी आपोआप हार्ड डिस्कवर चढतात आणि मग ड्राइव्ह काढली तरी चालते.

ह्याच योजनेत आणखी एक खड्डा आहे. स्मार्ट रिस्पॉन्स चालण्यासाठी लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वी जी मूळ व्यवस्था जागी होते तिच्यामध्ये, डिस्क जोडण्याची पद्धत 'रेड' अशी ठेवलेली असावी लागते. कोणी बायॉसमधील सर्व गोष्टी "मूळ स्थितीवर" नेल्या, तर कित्येक लॅपटॉपांत ही पद्धत बदलून 'एएचसीआय' अशी होते. मग विंडोज सुरूच होत नाही. निळा पडदा दिसतो आणि लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहतो. अशा वेळी "हार्ड डिस्क गेली" असे समजून ती पुसून सारे नव्याने भरले जाते. त्यात घरातील छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती, भावाच्या वह्या सगळ्यांची आहुती पडते. वस्तुतः डिस्कला काहीच झालेले नसते. बायॉसमध्ये जाऊन तो एक शब्द पुन्हा 'रेड' असा केला असता, तर बहुतेक वेळी लॅपटॉप पूर्ववत सुरू झाला असता. दुरुस्ती करणाऱ्याने पुसण्याचे काम नेहमी शेवटी ठेवावे, इतके तरी पाळले पाहिजे.

आता दुसऱ्या कामाकडे, म्हणजे झोपेकडे वळू. धाकट्या बहिणीचा निबंध ह्याच वाटेवर हरवला आहे.

आपण लिहीत असलेला मजकूर, उघडलेली चित्रे, चालू असलेला खेळ हे सर्व लॅपटॉपच्या रॅममध्ये असते. रॅम अतिशय वेगवान आहे, पण तिची आठवण क्षणभंगुर आहे. तिच्यातील प्रत्येक खूण सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपाने असते आणि बारीक भोकाच्या भांड्यातून पाणी गळावे तसा हा भार सतत गळत असतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरावा लागतो. लॅपटॉपचे झाकण मिटले म्हणजे तो 'स्लीप' ह्या झोपेत जातो. पडदा, तबकडी, प्रोसेसर सारे थांबतात. परंतु रॅमला मात्र वीज मिळत राहते. रात्री चुलीतील निखारा राखेखाली झाकून ठेवावा तशी ही अवस्था आहे. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की विस्तव तयार! पण निखाराही हळूहळू जळतच असतो. रात्र फार लांबली, किंवा कोळसाच थोडा असला, तर सकाळी हाती केवळ राख येते. बॅटरी जुनी झालेल्या लॅपटॉपचे असेच होते.

दुसऱ्या प्रकारच्या झोपेला 'हायबरनेशन' म्हणतात. बुद्धिबळाचा डाव संध्याकाळी अर्धा राहिला, तर खेळणारे पटावरील प्रत्येक मोहऱ्याची जागा कागदावर टिपून घेतात आणि पट मिटून ठेवतात. दुसऱ्या दिवशी कागद पाहून डाव जसाच्या तसा मांडता येतो. रात्रभर पटाची राखण करावी लागत नाही. हायबरनेशनमध्ये रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून लॅपटॉप पूर्णपणे बंद होतो. विजेचा खर्च जवळजवळ थांबतो. मात्र तो मजकूर हार्ड डिस्कवर लिहिलेला असेल, तर परत आणण्यास वेळ लागतो. सेकंदाला १०० मेगाबाइट ह्या गतीने ४ गिगाबाइट वाचावयाचे म्हटले, तर ४० सेकंद होतात.

इंटेलच्या 'रॅपिड स्टार्ट' ह्या दुसऱ्या योजनेने ह्या दोन्ही झोपा मोठ्या युक्तीने जोडल्या. झाकण मिटताच लॅपटॉप प्रथम साध्या झोपेत जातो. ठरावीक वेळ तो तसाच पडून राहिला, म्हणजे बायॉस त्याला पडदा न उजळता हळूच जागे करते, रॅममधील मजकूर चिमुकल्या सॉलिड-स्टेट ड्राइव्हवर उतरवून घेते आणि मग वीज तोडते. सकाळी कळ दाबली, की बायॉस तो मजकूर पुन्हा रॅममध्ये भरते. ह्या सगळ्या घडामोडीचा विंडोजला पत्ताही नसतो! आपण रात्रभर साध्या झोपेत होतो, असेच तिला वाटते. २०१२ सालच्या अल्ट्राबुकांसाठी इंटेलने अट घातली होती, की गाढ झोपेतून लॅपटॉप सात सेकंदांच्या आत जागा झाला पाहिजे. ती अट ह्या युक्तीने पाळली गेली.

परंतु डाव टिपून घ्यावयाचा तर कागद पुरेसा मोठा हवा. रॅपिड स्टार्टसाठी ड्राइव्हमध्ये एक वेगळे पार्टिशन, म्हणजे आखून दिलेली जागा, राखलेले असते. आणि ते निदान रॅमएवढे असावेच लागते. कारखान्यातून निघताना लॅपटॉपमध्ये ४ गिगाबाइट रॅम असेल, तर जागाही ४ गिगाबाइटची आखलेली असते.

आता बहिणीच्या लॅपटॉपचे कोडे उलगडते. तिला देण्यापूर्वी भावाने मोठ्या मायेने त्यात रॅम वाढविली होती. ४ गिगाबाइटची ८ केली. त्यामुळे लॅपटॉप अधिक चपळ होईल, अशी त्याची कल्पना होती आणि दिवसा तो झालाही. परंतु ८ गिगाबाइटचा मजकूर ४ गिगाबाइटच्या जागेत मावेना, म्हणून रॅपिड स्टार्ट मुकाट्याने बंद पडले. आणखी एक गोष्ट घडली होती. रॅपिड स्टार्टच्या भरवशावर विंडोजचे स्वतःचे हायबरनेशन आधीच बंद करून ठेवलेले होते. राहिली फक्त साधी झोप. झाकण मिटल्यावर रात्रभर रॅम वीज खात राहिली, जुनी बॅटरी पहाटे संपली आणि निबंध गेला. सकाळी लॅपटॉपला अगदी पहिल्यापासून सुरू व्हावे लागले, म्हणून उशीरही झाला. उशीर आणि हरवलेला निबंध ही दोन दुखणी दिसत होती. मूळ एकच होते.

उपाय करावयाचा तर थोडी वजाबाकी करावी लागते. वेष्टनावर ३२ गिगाबाइट लिहिलेल्या ड्राइव्हमध्ये विंडोज सुमारे २९.८ गिगाबाइटच दाखविते. त्यात कोणाची लबाडी नसते. कारखानदार गिगाबाइट म्हणताना १०० कोटी बाइट मोजतो आणि विंडोज १०७ कोटींहून थोडे अधिक मोजते, मापच निराळे. २९.८ मधून झोपेसाठी ८ वजा केले म्हणजे २१.८ उरतात. स्मार्ट रिस्पॉन्सला कॅशसाठी किमान १८.६ गिगाबाइट लागतात; तेव्हा दोन्ही योजना सुखाने नांदू शकतात. पण भावाने हौसेने रॅम १६ गिगाबाइट केली असती तर? १३.८ च उरले असते. मग वेगवान काम की वेगवान जाग, यांपैकी एकाला निरोप द्यावा लागला असता.

जागा वाढविण्याचे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे आणि त्याचा क्रम चुकवू नये. महत्त्वाच्या फायलींची प्रत आधी दुसऱ्या साधनावर काढावी. मग स्मार्ट रिस्पॉन्स बंद करावे, म्हणजे कच्च्या वहीतील नोंदी खतावणीत चढतील. त्यानंतर झोपेचे जुने पार्टिशन काढून ८ गिगाबाइटचे नवे आखावे आणि उरलेली जागा पुन्हा कॅशला द्यावी. एवढा खटाटोप नको असेल, तर विंडोजचे स्वतःचे हायबरनेशन चालू करणे हा सोपा मार्ग आहे. जाग थोडी उशिरा येईल, पण निबंध सुरक्षित राहील.

जाता जाता आणखी एक गंमत सांगितली पाहिजे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून पुढे 'शट डाउन' ही आज्ञा दिली, तरी लॅपटॉप पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही. वापरणाऱ्याची कामे बंद होतात. परंतु विंडोजचा गाभा डिस्कवर टिपून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येते. याला 'फास्ट स्टार्टअप' म्हणतात. त्यामुळे एखादा बिघड "बंद करून चालू केला" तरी जात नाही. कारण त्या टिपणाबरोबर तोही परत येण्याचा संभव असतो. 'रीस्टार्ट' मात्र सारे पहिल्यापासून मांडते. किंवा शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन केले, तरी लॅपटॉप खरोखर बंद होतो.

पुढे सॉलिड-स्टेट ड्राइव्ह स्वस्त होत गेल्या आणि ह्या जोडगोळीची गरज उरली नाही. इंटेलने २०१७ साली 'ऑप्टेन' नावाची नवी स्मृती आणून कॅशचा प्रयोग पुन्हा केला. परंतु तो व्यवसायही २०२२ साली गुंडाळण्याचे ठरले. आज जुन्या लॅपटॉपमधील फिरती तबकडी काढून तेथे एकच मोठी सॉलिड-स्टेट ड्राइव्ह बसविता येते. मग कोठी आणि डबा असा भेदच राहत नाही. मात्र तबकडीचे स्क्रू सोडविण्यापूर्वी स्मार्ट रिस्पॉन्स बंद केले आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे लागते.